ज्या ड्रायव्हरवर आळ आला : लिनक्स २.६.२७ आणि ई१०००ई

ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली आणि नेटवर्क गेले, ही तक्रार सर्व्हर सांभाळणाऱ्या कोणालाच नवी नाही. उपायही बहुतेक वेळा ठरलेला असतो. मशीन रीबूट करायचे, मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडायचा, नेटवर्क परत आले की नव्या कर्नलमधल्या ड्रायव्हरचे (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचे) काय बिनसले ते सवडीने बघायचे. २००८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ज्यांनी लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या आपल्या मशीनवर चढवल्या, त्यांच्यातल्या काही जणांनी हेच केले. जुना कर्नल सुरळीत सुरू झाला, पण नेटवर्क आले नाही. लाइव्ह सीडीवरून दुसरीच सिस्टिम बूट केली तरी आले नाही. अपग्रेड मागे घेता येत होते, त्याने केलेले नुकसान मात्र मशीनमध्येच राहिले होते.

या प्रकरणाची हकिगत मला फार महत्त्वाची वाटते. ड्रायव्हर रिग्रेशन, म्हणजे आधी चालणारे नव्या आवृत्तीत बिघडणे, शोधताना आपण जे जे गृहीत धरून चालतो, त्यातले जवळजवळ सगळे इथे खोटे ठरले. जिथे जखम दिसली तिथे गुन्हेगार नव्हता. ज्या सुविधेने नुकसान केले ती कोणी वापरतही नव्हते. आणि कारण हाती लागण्याच्या आधीच नुकसान थांबवावे लागले, तेही कारण माहीत नसताना.

काय दिसत होते

फटका बसला तो इंटेलच्या गिगाबिट इथरनेटला, आणि त्यातही विशिष्ट प्रकाराला: आयसीएच८ आणि आयसीएच९ चिपसेटच्या मदरबोर्डवर आणि लॅपटॉपवर जे ८२५६६ आणि ८२५६७ जातीचे कंट्रोलर बसवलेले असत त्यांना. त्या काळच्या ऑफिसातल्या डेस्कटॉपांत आणि चांगल्या लॅपटॉपांत हे सर्रास असायचे. एलएसपीसीआय या कमांडने मिळणाऱ्या उपकरणांच्या यादीत ते ००:१९.० या जागी दिसत. त्यांचा ड्रायव्हर म्हणजे ई१०००ई. जुन्या ई१००० ड्रायव्हरमधून पीसीआय एक्सप्रेसची उपकरणे वेगळी काढून तो २.६.२४ मध्ये कर्नलात आला होता.

बिघडलेल्या मशीनवर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, एक ओळ ठळक असे: एनव्हीएमचा चेकसम वैध नाही. पाठोपाठ प्रोब अयशस्वी, एरर उणे ५. म्हणजे ड्रायव्हर उपकरणापर्यंत पोचला, त्याची ओळखपाळख तपासली, ती जुळली नाही म्हणून त्याने हात काढून घेतले. ईटीएच० नावाचा इंटरफेस तयारच झाला नाही. साहजिकच इंटरफेस दाखवणाऱ्या आयएफकॉन्फिगमध्ये तो नाही आणि डीएचसीपीने आपोआप पत्ता मिळण्याचा प्रश्नच नाही.

एनव्हीएम म्हणजे वीज गेली तरी टिकणारी छोटी मेमरी. नेटवर्क कंट्रोलरची जन्मपत्रिका तिच्यात असते. अगदी सुरुवातीच्या, १६ बिटांच्या तीन घरांत मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरची उपकरणाची ओळख), पुढे लिंक आणि वीजबचतीची सेटिंग्ज. पहिल्या ६४ घरांची बेरीज हेक्साडेसिमलमध्ये बरोबर बीएबीए आली पाहिजे असा इंटेलचा नियम आहे, आणि ती येण्यासाठी शेवटचे घर चेकसमसाठी, म्हणजे बेरीज जुळवणाऱ्या आकड्यासाठी, राखून ठेवलेले असते. ड्रायव्हर सुरू होताना ही बेरीज करून पाहतो. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी बेरीज चुकते आणि ड्रायव्हर पुढे जात नाही. हा अडथळा मुद्दाम ठेवलेला आहे. चुकीच्या सेटिंगने आणि चुकीच्या मॅक ॲड्रेसने नेटवर्कवर उतरण्यापेक्षा न उतरलेले बरे.

वेगळ्या कार्डावर ही मेमरी त्या कार्डाची स्वतःची असते. मदरबोर्डवरच्या कंट्रोलरचे तसे नसते. आयसीएच८ आणि आयसीएच९ मध्ये बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) ज्या फ्लॅश चिपमध्ये राहते, तिचाच एक छोटा भाग गिगाबिट इथरनेटसाठी कापून दिलेला असतो. म्हणजे एकाच चिपमध्ये शेजारी शेजारी बायोस आणि नेटवर्कची पत्रिका. कार्ड गेले तर नवे कार्ड लावता येते. इथे गेले तर मदरबोर्ड बदलण्यापर्यंत मजल जाऊ शकते. लॅपटॉपच्या मालकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

संशयितांची रांग

पहिला संशय ड्रायव्हरवर गेला, आणि तो वाजवीच होता. एनव्हीएममध्ये लिहिण्याचा कोड ई१०००ईमध्येच आहे. एथटूल या नेटवर्क कार्डाच्या साधनाने एनव्हीएम बदलता येते, तेही याच ड्रायव्हरच्या मार्गाने. इंटेलच्या लोकांनी, विशेषतः जेसी ब्रँडेबर्ग यांनी, तो कोड पुन्हा पुन्हा चाळला. थॉमस ग्लाइक्सनर यांनी एनव्हीएमपर्यंत जाणारे दोन मार्ग एकमेकांच्या आड येतात का हे पाहण्यासाठी पॅच (कोडमधला बदल) लिहिला, आणि त्यातून कुलूपबंदीतल्या खऱ्या त्रुटी सापडल्याही. ड्रायव्हर काही ठिकाणी जिथे थांबू नये तिथे थांबत होता. त्या दुरुस्त झाल्या. बिघाड मात्र त्यांच्यामुळे होत नव्हता.

इथे थोडे थांबायला हवे. शोधाच्या ओघात जो दोष सापडतो तोच आपला दोष, असे मानण्याचा मोह फार मोठा असतो. कित्येक महिने एका बगच्या मागे असताना कोडमध्ये उघड चूक दिसली की मन लगेच म्हणते, हेच ते. सापडलेली चूक खरी असते, दुरुस्त करण्यासारखीही असते, फक्त ती आपल्या प्रश्नाचे उत्तर नसते. ई१०००ईच्या मंडळींनी ही गल्लत केली नाही. त्यांनी त्रुटी दुरुस्त केल्या आणि प्रकरण उघडेच ठेवले. कर्नलच्या बगझिला या दोषनोंदवहीमध्ये ११३८२ क्रमांकाची नोंद बंद झाली नाही.

दुसरा संशयित होता एक्स सर्व्हर, म्हणजे लिनक्सवर पडद्यावरचे चित्र रंगवणारा प्रोग्राम. त्या वेळी इंटेलच्या ग्राफिक्सच्या कोडमध्ये मोठी उलथापालथ चालू होती, ग्राफिक्स मेमरीची नवी व्यवस्था येत होती. एक्स सर्व्हर तेव्हा रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालत असे आणि पीसीआय उपकरणांची मेमरी थेट स्वतःच्या पत्त्यांत ओढून घेत असे. शिवाय काही जणांचे नेटवर्क गेले ते ग्राफिक्स कोलमडल्यानंतर. इंटेलचाच चिपसेट, इंटेलचेच ग्राफिक्स, एक्स चुकीच्या जागी लिहितो आणि तिथे नेमके फ्लॅशचे रजिस्टर (हार्डवेअरला हुकूम देण्याचे घर) असते, ही गोष्ट पटण्यासारखी होती. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत दमदार खोटा धागा. एकत्र घडणाऱ्या दोन गोष्टी, दोन्ही नव्या, दोन्ही एकाच कंपनीच्या.

पण पुरावा जमेना. बिघाड कधी होई, कधी नाही. एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप, एक मेला, दुसरा धडधाकट.

कारण माहीत नसताना आग विझवणे

सप्टेंबर २००८ च्या उत्तरार्धात लिनक्स तयार करून पुरवणाऱ्या वितरकांनी जाहीर इशारे दिले. ओपनसुसे ११.१ ची पहिली बीटा आणि फेडोराची विकासातली आवृत्ती हे दोन्ही धोक्याच्या यादीत होते. उबुंटूने ८.१० च्या चाचणी आवृत्तीत ई१०००ई सरळ बंद करून टाकला. म्हणजे ज्यांचे कार्ड शाबूत होते त्यांचेही नेटवर्क गेले, पण ते परत येणारे जाणे होते. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटतो. चाचणी आवृत्ती लावणारा माणूस सिस्टिम कोसळेल, डेटा जाईल, एवढी तयारी ठेवून बसलेला असतो. मदरबोर्ड पणाला लावायला त्याने होकार दिलेला नसतो.

त्याच वेळी इंटेलने सांगितले की एथटूलच्या वजा लहान ई पर्यायाने एनव्हीएमची प्रत काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा. पाच सेकंदांचे काम. आजही मदरबोर्डवरच्या कंट्रोलरसाठी ही सवय मी प्रत्येक नव्या मशीनवर पाळतो: एलएसपीसीआयचे संपूर्ण तपशील, एथटूलने काढलेली एनव्हीएम, ड्रायव्हर आणि फर्मवेअरची आवृत्ती, हे तीन कागद अपग्रेडच्या आधी त्या मशीनबाहेर. अपग्रेडनंतर काढलेल्या प्रतीला अर्थ नसतो. ती बिघाडाची प्रत असू शकते.

सर्वांत महत्त्वाचा पॅच मात्र ब्रूस ॲलन यांचा. तो २.६.२७ बाहेर पडण्याच्या थोडे आधी आत गेला. त्यात बिघाडाचे कारण शोधण्याचा प्रयत्नच नाही. चिपसेटमध्ये फ्लॅशचा एखादा पट्टा लेखनापासून संरक्षित करणारे एक रजिस्टर असते. ड्रायव्हर सुरू होताच गिगाबिट इथरनेटचा भाग त्या पट्ट्यात टाकतो आणि नंतर एक कुलूपबिट लावतो. तो बिट एकदा लागला की संरक्षण काढणारे रजिस्टरच लिहिता येत नाही. हार्डवेअर रीसेट होईपर्यंत कोणीही, अगदी ड्रायव्हर स्वतःही, ते उघडू शकत नाही. लिहिणारा ड्रायव्हर असो, एक्स असो की आणखी कोणी, चिपसेट ऐकणार नाही. खुद्द मालकालाच लिहायचे असेल तर राइटप्रोटेक्टएनव्हीएम हा पॅरामीटर शून्य करून, मशीन पूर्ण बंद-चालू करून ड्रायव्हरचे मॉड्यूल चढवायचे.

हे कुलूप घेऊन २.६.२७ ९ ऑक्टोबर २००८ ला प्रसिद्ध झाला. कारण अजून ठाऊक नव्हते.

मरणाऱ्या हार्डवेअरवर बायसेक्ट

कारण शोधण्याचा खात्रीचा मार्ग सगळ्यांना माहीत होता: गिट बायसेक्ट. २.६.२६ चांगला, २.६.२७ वाईट, मधला बदल निवडायचा, तपासायचा, अर्धे टाकून द्यायचे, उरलेल्यातला मधला घ्यायचा. दोन आवृत्त्यांमध्ये १०,००० च्या वर बदल होते. दर वेळी निम्मे गळाले तर साधारण १४ पायऱ्यांत एकाच बदलावर बोट ठेवता येते. कागदावर दोन दिवसांचे काम.

प्रत्यक्षात दोन अडचणी होत्या. पहिली उघड आहे: प्रत्येक वाईट निकालासाठी एक मशीन बळी द्यावे लागते. स्वतःचा लॅपटॉप कोण देईल? असे काम तिथेच होऊ शकते, जिथे सुटे भाग, एनव्हीएमची मूळ प्रत आणि ती परत भरण्याची साधने हाताशी असतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि कोणत्याही अधूनमधून होणाऱ्या बिघाडाला लागू पडते. बायसेक्टमधले दोन निकाल सारख्या वजनाचे नसतात. वाईट हा निकाल पक्का असतो. एनव्हीएम गेली म्हणजे गेली. चांगला हा फक्त अंदाज असतो. दहा वेळा बूट केले आणि काही झाले नाही, याचा अर्थ दोष नाही असा होतो की दोष आहे पण आज आला नाही असा? एक चुकीचा चांगला दिला की बायसेक्ट खऱ्या गुन्हेगाराच्या विरुद्ध दिशेने धावू लागतो आणि शेवटी एका निष्पाप बदलाकडे ठामपणे बोट दाखवतो. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर चांगला म्हणण्याआधी भरपूर वेळा बूट करून पाहणे भाग असते. त्यात घाई केली की सगळे पाणी फिरते.

ही चिकाटी फळाला आली. कंट्रोलर बळी पडत गेले, पुन्हा बूट, पुन्हा तपास, आणि बायसेक्टने जे नाव काढले ते कोणाच्याच यादीत नव्हते. एफट्रेस.

पत्ता तोच, घर दुसरे

एफट्रेस म्हणजे कर्नलमधले कोणते फंक्शन कधी चालले याचा माग काढणारी यंत्रणा. तेव्हा रेड हॅटमध्ये असलेले स्टीव्हन रोस्टेड यांची. ती २.६.२७ मध्येच नव्याने आली होती. नेटवर्कशी तिचा काडीचा संबंध नाही. फ्लॅश मेमरीशी तर नाहीच.

तिचे काम असे चाले. कर्नल कंपाइल करताना कंपायलरला सांगायचे की प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एमकाउंट नावाच्या फंक्शनला हाक मारणारी सूचना घाल. पण माग काढायचा नसतानाही प्रत्येक फंक्शनने ही हाक मारत राहणे महाग पडते. म्हणून डायनॅमिक एफट्रेसची युक्ती: एखाद्या जागेहून पहिल्यांदा हाक आली की त्या जागेचा पत्ता वहीत टिपून घ्यायचा. एफट्रेसडी नावाचा कर्नल थ्रेड सेकंदाला एकदा उठतो, वहीत नवे पत्ते असले तर सगळे प्रोसेसर क्षणभर थांबवतो आणि त्या त्या पत्त्यावरची पाच बाइटची हाक पुसून तिथे काहीही न करणारी सूचना लिहितो. माग काढायची वेळ आली की हाक परत घालता येते. तोपर्यंत खर्च जवळजवळ शून्य.

लक्षात घ्या, ही पुसापुशी माग काढण्यासाठी नाही, माग काढत नसताना वेग राखण्यासाठी आहे. म्हणून ज्याने एफट्रेसचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या मशीनवरही एफट्रेसडी सेकंदा-सेकंदाला उठत होता. वितरकाने कर्नल बांधताना तो पर्याय चालू ठेवला, एवढे पुरे.

आता अडचणीची जागा. ड्रायव्हर मॉड्यूल चढवले जाते तेव्हा त्याचे सुरुवातीचे फंक्शन एकदाच चालते. ते संपले की कर्नल त्याची मेमरी मोकळी करतो. पुन्हा लागणारच नाही तर जागा का अडवायची? पण ते चालले तेव्हा त्याने एमकाउंटला हाक मारलेली असते, आणि तो पत्ता वहीत लिहिला गेलेला असतो. एफट्रेसडी अजून झोपलेला आहे. तो उठेपर्यंत ती जागा मोकळी झालेली असते, आणि कदाचित दुसऱ्याच कोणाला दिलेली असते. भाडेकरू खोली सोडून गेला, नवा बिऱ्हाडकरू आला, आणि रंगाऱ्याच्या वहीत मात्र जुन्या माणसाचेच काम आहे, तशी गत.

रोस्टेड यांना हे ठाऊक होते. त्या कोडमध्येच टीप आहे की मॉड्यूल आणि सुरुवातीचा कोड नाहीसा होऊ शकतो, बदलू शकतो, त्यापासून जपायला हवे. आणि जपलेही होते. पत्ता आता कशालाच जोडलेला नसेल तर फॉल्ट (चुकीच्या पत्त्याबद्दल प्रोसेसरची तक्रार) येईल आणि तो पकडला जाईल. पत्ता जोडलेला असेल पण तिथे वेगळा मजकूर असेल, तर लिहायचेच नाही. त्यासाठी एक्स८६ प्रोसेसरची तुलना करून अदलाबदल करणारी सूचना वापरली होती, कम्पेअर अँड एक्स्चेंज. तिथे अपेक्षित बाइट असतील तरच नवे लिही, नसतील तर सोडून दे. साध्या मेमरीसाठी हे दोन्ही बंदोबस्त चोख आहेत. जागा गेली असेल तर फॉल्ट, बदलली असेल तर तुलना फसते. तिसरी शक्यता कोणाच्या डोक्यात आली नव्हती: ती जागा मेमरीच नसेल तर?

३२ बिटांच्या एक्स८६ वर मॉड्यूलचा कोड ज्या पत्त्यांच्या पट्ट्यात ठेवला जाई, त्याच व्हीमॅलॉक नावाच्या पट्ट्यातून ड्रायव्हर आपल्या उपकरणांची रजिस्टरेही जोडून घेत. बूट होताना मॉड्यूलमागून मॉड्यूल चढत असतात, जागा भराभर मोकळ्या होतात आणि भराभर वाटल्या जातात. एखाद्या मॉड्यूलची सुरुवातीची जागा मोकळी होते आणि सेकंद उलटायच्या आत ई१०००ई तीच जागा फ्लॅश कंट्रोलरच्या रजिस्टरांसाठी घेतो. मग एफट्रेसडी उठतो आणि वहीतला पत्ता काढतो. पत्ता वैध आहे, म्हणून फॉल्ट नाही. अपेक्षित बाइट नाहीत, म्हणून तुलना फसते आणि लिहिण्याचे टळते. असे सगळ्यांना वाटत होते.

इथे प्रोसेसरचे मॅन्युअल काढून बसावे लागते. त्यात स्पष्ट लिहिले आहे की तुलनेचा निकाल काहीही लागो, ही सूचना त्या जागेवर लेखनाचे चक्र चालवतेच. तुलना जुळली तर नवी किंमत लिहिली जाते. जुळली नाही तर वाचलेली जुनीच किंमत परत लिहिली जाते. मेमरीत जुनी किंमत परत लिहिली तर काय बिघडते? काहीच नाही. म्हणून वर्षानुवर्षे कोणाला याची झळ लागली नाही.

रजिस्टरची गोष्ट वेगळी. फ्लॅश कंट्रोलरच्या स्थिती-रजिस्टरमध्ये असे बिट असतात की ज्यांत एक लिहिला की ते पुसले जातात. नियंत्रण-रजिस्टरमध्ये कोणते काम करायचे ते सांगणारे दोन बिट असतात, वाचन, लेखन की पुसणे, आणि काम सुरू कर असे सांगणारा एक बिट. हे दोन्ही रजिस्टर एकाच चार बाइटांच्या घरात शेजारी बसतात, आणि ती सूचना चार बाइट एकदम हाताळते. तिथे वाचलेले परत लिहिणे म्हणजे हुकूम देणे. एफट्रेस स्वतःच्या समजुतीने काहीच बदलत नव्हता, आणि दर वेळी फ्लॅश कंट्रोलरच्या दारावर थाप मारत होता.

आता मागे वळून पाहिले की सगळ्या विसंगती जागच्या जागी बसतात. बिघाड कधी होई कधी नाही, कारण मेमरीची वाटणी, मॉड्यूलचा क्रम आणि एफट्रेसडीचे उठणे हे तिन्ही एका सेकंदाच्या आत जुळून यावे लागे. सारख्या मॉडेलच्या दोन लॅपटॉपांचे नशीब वेगळे, कारण त्यांच्यावर चढणारी मॉड्यूल्स वेगळी. ग्राफिक्सशी सांगड दिसली, पण लेखन तिथून होत नव्हते. आणि ई१०००ईचा कोड कितीही वेळा वाचला तरी त्यात काही सापडले नसते, कारण ते लेखन त्याच्यातून झालेच नव्हते.

दुरुस्ती

१५ ऑक्टोबर २००८ ला, २.६.२७ नंतर सहाच दिवसांनी, २.६.२७.१ आला. डायनॅमिक एफट्रेसवर बिघडलेला असा शिक्का मारून तो पर्याय निवडताच येणार नाही अशी व्यवस्था त्यात होती. अर्धवट डागडुजी करण्यापेक्षा स्थिर आवृत्तीत ती गोष्ट बंदच करणे, हा निर्णयही मला तितकाच पटतो.

खरी दुरुस्ती डिसेंबरमध्ये २.६.२८ मध्ये आली, आणि तिने मूळ कल्पनाच बदलली. चालत्या सिस्टिममध्ये पत्ते टिपत बसायचे नाही. कर्नल बांधतानाच एक स्क्रिप्ट सगळ्या हाका शोधते आणि त्यांची यादी फाइलच्या एका स्वतंत्र भागात ठेवते. कर्नल सुरू होताना किंवा मॉड्यूल चढतानाच ती यादी एकदा वाचून पुसापुशी उरकली जाते. सेकंदाला उठणारा थ्रेड गेला. सुरुवातीच्या, नंतर फेकून द्यायच्या कोडला माग काढण्यातूनच वगळले. तुलना करून लिहिणाऱ्या सूचनेऐवजी आधी नुसते वाचायचे, बाइट जुळले तरच लिहायचे, आणि काही वेगळे दिसले तर एफट्रेसने जोरात इशारा देऊन स्वतःला बंद करून घ्यायचे. पहिल्या रचनेत अनपेक्षित बाइट दिसले तर गुपचूप पुढे जायचे असे ठरले होते. दुसऱ्यात अनपेक्षित बाइट म्हणजे थांबण्याचे कारण. माझ्या दृष्टीने सगळ्या पॅचांत हा बदल सर्वांत मोलाचा.

राहिले ज्यांची एनव्हीएम आधीच गेली होती ते. त्यांची वाट बिकट होती. एथटूलच्या वजा मोठ्या ई पर्यायाने एनव्हीएम परत लिहिता येते, पण त्यासाठी इंटरफेस उभा हवा, आणि चेकसम चुकला की ड्रायव्हर तो उभाच करत नाही. म्हणून आधी चेकसमची तपासणी गाळलेला ड्रायव्हर बांधायचा. मशीनची वीज पूर्ण तोडून, राइटप्रोटेक्टएनव्हीएम शून्य ठेवून तो चढवायचा, नाहीतर नुकतेच आलेले कुलूप दुरुस्तीचे लेखनही अडवणार. एथटूलला एक खूणसंख्या द्यावी लागते, ती उपकरणाचा क्रमांक आणि इंटेलचा ८०८६ हा उत्पादक क्रमांक जोडून बनते; ती चुकली तर ड्रायव्हर नकार देतो. ज्याच्याकडे आधी काढलेली प्रत होती त्याचे काम इथे संपले. ज्याच्याकडे नव्हती त्याला अगदी त्याच मॉडेलच्या मशीनची प्रत मिळवावी लागली, आणि तिच्यातल्या पहिल्या तीन घरांत आपल्या मशीनच्या स्टिकरवर छापलेला मॅक ॲड्रेस घालावा लागला. तसे केले नाही तर एकाच ऑफिसातल्या दोन मशीनचा पत्ता एकच झाला असता. तेही जमले नाही तर मदरबोर्ड बदलणे.